प्रश्न कुणी विचारायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धर्म शिकवायचा म्हणजे काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ सगळ्या समाजांनी सारखंच दिलेलं आहे. मूल लहान असतानाच त्याच्याकडून पाठ करून घ्यायचं. मुंज झालेल्या मुलाला संध्या शिकवतात. आमच्याकडे मक्तबात पोरं मागेपुढे झुलत कुराण वाचायला शिकतात. अरबी अक्षर ओळखता येतं, उच्चार चोख होतो, अर्थ मात्र बहुतेकांना कळत नाही. कुराण एकदा वाचून पूर्ण झालं की ‘आमीन’चा कार्यक्रम होतो आणि गोडधोड वाटलं जातं. कॅथलिक घरात प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस येतो. पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, नातेवाइकांची गर्दी. प्रत्येक घरात त्या दिवसाचा एखादा फोटो भिंतीवर असतोच.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. हे शिक्षण साधारण बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आत संपतं. आणि धर्माबद्दलचे खरे प्रश्न माणसाला पडायला लागतात, तेही नेमके त्याच सुमाराला. मिसरूड फुटते, आवाज बदलतो, घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातला आणि वागण्यातला फरक दिसू लागतो. देव न्यायी आहे असं पाठ केलेलं असतं आणि आजूबाजूला अन्याय दिसत असतो. त्या वयात शिकवणारा समोर नसतो. पाठ केलेली उत्तरं जवळ असतात, पण ज्या प्रश्नांची ती उत्तरं, ते प्रश्न आपले नव्हतेच, हे तेव्हा ध्यानात येतं.

या मधल्या रिकाम्या जागेबद्दल मला आज बोलायचं आहे. कॅथलिक चर्चच्या इतिहासात विसाव्या शतकाच्या आरंभी एका धर्मगुरूने या जागेकडे नीट पाहिलं आणि ती भरून काढण्यासाठी एक अगदी साधी पद्धत उभी केली. दहा-बारा मुलं, एक खोली, आठवड्यातला एक तास. गोष्ट बेल्जियममधली आहे. पण त्या पद्धतीत नवं काय होतं हे कळायचं, तर आधीची पद्धत पाहिली पाहिजे. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या शेजारच्या गोव्यात गेलं तरी पुरे.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून फिरत आणि मुलांना, घरच्या नोकरांना, गुलामांना हाका मारत चर्चमध्ये घेऊन जात. तिथे प्रार्थना, श्रद्धेची सूत्रं आणि दहा आज्ञा ते त्यांच्याकडून चालीवर म्हणवून घेत. ते एक ओळ म्हणत, मुलं ती मागून म्हणत. पुढे दक्षिणेत मोत्यांच्या किनाऱ्यावर कोळी वस्त्यांमध्ये त्यांनी हेच तमिळमधून केलं. शिकलेल्या मुलांनाच त्यांनी शिक्षक केलं आणि आजाऱ्यांच्या घरी प्रार्थना म्हणायला पाठवलं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा हजारो माणसांपर्यंत थोड्या काळात पोचायचं, तर चालीवर पाठ करून घेण्याइतकं प्रभावी साधन त्या काळी दुसरं नव्हतं. त्यांचं हे छोटं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १५५७ मध्ये, गोव्याच्या छापखान्यात छापलं गेलं.

युरोपातही तेव्हा हीच लाट होती. १५२९ मध्ये मार्टिन ल्यूथरने प्रोटेस्टंट मुलांसाठी प्रश्नोत्तरांचं पुस्तक काढलं. कॅथलिक बाजूने जर्मन प्रदेशात पीटर कनिसियसने १५५५ मध्ये आणि इटलीत रॉबर्ट बेलार्मिनने १५९७ मध्ये आपापली पुस्तकं काढली. माणसाला घडवलं कुणी, घडवलं कशासाठी, संस्कार किती आणि कोणते, असे प्रश्न त्यांत असत. गुरुजी प्रश्न विचारणार, मुलगा उत्तर देणार आणि उत्तर पुस्तकातल्या शब्दांतच दिलं पाहिजे. बेलार्मिनने दुसऱ्या वर्षी शिक्षकांसाठी एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने उलटं केलं. शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो. वाचायला हे फार बरं वाटतं. पण तो शिष्यही बेलार्मिननेच रचलेला होता. त्याला नको तो प्रश्न कधीच पडत नाही.

खरा प्रश्न पडलेला माणूस गोव्याच्या इतिहासात भेटतो, तो मराठी पुस्तकात. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत सुमारे चाळीस वर्षं राहिले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात. पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो की, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण आम्हाला का देत नाही? या प्रश्नामागे केवढं दुःख आहे बघा. देवळं पाडली गेली होती, पोथ्या वाचायची चोरी होती. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं हाती होती, पण त्यांनी या माणसाची भूक भागत नव्हती. त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल अकरा हजार ओव्या लिहिल्या गेल्या. मराठी भाषेला एक मोठा ग्रंथ मिळाला, त्याचं मूळ कारण ऐकणाऱ्याने विचारलेला प्रश्न हे आहे. पण असे प्रसंग अपवादाचे. नेहमीची रीत घंटेची आणि पाठांतराचीच राहिली, गोव्यात तशीच युरोपातही. पुढची तीनशे वर्षं तिच्यात मोठा फरक पडला नाही.

फरक पडला तो मुलांच्या आयुष्यात. युरोपात कारखाने आले. बेल्जियम हा युरोपच्या मुख्य भूमीवरचा कारखानदारीत सर्वांत आधी उतरलेला देश. कोळसा, पोलाद, कापड, काच. तिथे कारखान्यांत बारा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी करणारा कायदा झाला तो १८८९ मध्ये. म्हणजे बारा पूर्ण झाली की मूल कामावर जायला मोकळं. चौदा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण देणारा कायदा १९१४ मध्ये झाला आणि तो नीट अमलात यायला महायुद्ध संपावं लागलं. आता दुसरीकडे चर्चचं वेळापत्रक बघा. १९०५ मध्ये दहावे पायस या पोपनी प्रत्येक धर्मग्रामात दर रविवारी मुलामुलींना तासभर धर्मशिक्षण दिलं पाहिजे, असा दंडक घातला. १९१० मध्ये त्यांनीच प्रथम ख्रिस्तप्रसादाचं वय सातव्या वर्षाच्या आसपास आणलं. तरी बेल्जियम-फ्रान्समध्ये साधारण बाराव्या वर्षी एक मोठा समारंभ होत राहिला आणि तो झाला की धर्मशिक्षण आटोपलं, असं लोक समजत. रविवारी समारंभ, सोमवारी कारखाना. जिथे चर्चचं शिकवणं थांबत होतं, तिथेच मुलाचं आयुष्य सुरू होत होतं.

कारखान्यात त्याला दुसरे शिक्षक भेटत. पहिल्या दिवशी नव्या पोराची टिंगल व्हायची, त्याला भलभलतं करायला लावलं जायचं. मोठ्यांच्या तोंडच्या शिव्या, डब्याच्या सुट्टीतल्या गप्पा, कामावर नेणाऱ्या गाड्यांमधली दाटी आणि दारू. मुलींच्या वाट्याला याहून वाईट यायचं. पाठ केलेल्या दहा आज्ञांमधली एकही तिथे उपयोगी पडत नसे. मुकादम लबाडीने वजन लिहितो तेव्हा काय करायचं, हे कुठल्याही प्रश्नोत्तरात नव्हतं. सहा महिन्यांत मुलगा चर्चकडे फिरकेनासा होई. धर्मगुरू म्हणत, पोरगं बिघडलं.

जोसेफ कार्डाइन हे अशाच मुलांच्या वर्गात बसलेले. जन्म १३ नोव्हेंबर १८८२, ब्रुसेल्सलगतच्या शारबेकमध्ये. बालपण हाल या गावी गेलं. वडील कोळसा विकायचे. बरोबरीची मुलं प्राथमिक शाळा संपवून कामाला लागली. जोसेफने मात्र आईवडिलांना गळ घातली, मला शिकायचं आहे, धर्मगुरू व्हायचं आहे. कष्टकरी आईबापांनी ते मान्य केलं. सुट्टीत घरी आल्यावर तो जुन्या मित्रांना भेटायला गेला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यांच्या लेखी तो आता मालकांच्या बाजूला गेला होता. तो मुलगा पुढे म्हातारा झाला, मोठ्या पदावर गेला, तरी ही गोष्ट सांगत राहिला. १९०३ मध्ये वडील गेले. मुलाच्या शिक्षणासाठी राबून गेले, असंच त्याला वाटलं. त्यांच्या अंथरुणाशी त्याने शपथ घेतली की आपलं आयुष्य कामगारांसाठी घालवीन. १९०६ मध्ये कार्डाइन धर्मगुरू झाले.

वरिष्ठांनी आधी त्यांना एका शाळेत लॅटिन शिकवायला पाठवलं. पाच वर्षं त्यात गेली. १९१२ मध्ये लाकेन या ब्रुसेल्सच्या कामगार वस्तीच्या भागात त्यांची नेमणूक झाली आणि त्यांच्याकडे काम आलं ते स्त्रियांच्या संस्थांचं. या पद्धतीची सुरुवात मुलींपासून झाली, हे अनेकदा विसरलं जातं. शिवणकाम करणाऱ्या, दुकानांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुली. कार्डाइननी त्यांचे छोटे गट केले. आपल्याकडच्या चळवळींच्या भाषेत बोलायचं तर अभ्यासमंडळं. पण पहिल्या दिवशी त्यांनी त्या मुलींना धडा दिला नाही. त्यांनी विचारलं, तुला पगार किती मिळतो? किती तास बसावं लागतं? जेवायला जागा आहे का? तुझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव काय, ती कुठे राहते? ज्या प्रश्नांची उत्तरं मुलींना ठाऊक आहेत आणि धर्मगुरूला ठाऊक नाहीत, असे हे प्रश्न होते. तिथे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या जागा खऱ्या अर्थाने बदलल्या. बेलार्मिनने कागदावर केलेली अदलाबदल लाकेनमध्ये माणसांत घडली.

मग मुलांचे गट सुरू झाले. फर्नां टोने नावाचा एक तरुण कार्डाइनना येऊन मिळाला. पुढे पॉल गार्से आणि झाक मेर्ट आले. पहिल्या महायुद्धात बेल्जियमवर जर्मनांचा ताबा होता. कामगारांना पकडून जर्मनीत नेण्याविरुद्ध कार्डाइन बोलले आणि तुरुंगात गेले. युद्ध संपायच्या आधी त्यांना आणखी एकदा तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर १९१९ मध्ये या तरुणांची संघटना उभी राहिली आणि १९२५ मध्ये तिला आजचं नाव मिळालं, ‘ख्रिस्ती कामगार युवक’. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला ‘जॉक’ म्हणू लागले. मुलींची वेगळी शाखाही निघाली.

गटाचं काम कसं चाले, ते सांगतो, कारण सगळं मर्म त्यात आहे. एका धर्मग्रामातली किंवा कारखान्यातली दहा-बारा मुलं आठवड्यातून एकदा जमत. चौदा ते अठरा-वीस वयाची. प्रमुख त्यांच्यातलाच एक. धर्मगुरू हजर असे, पण सभा चालवायची नाही, हा नियम. आरंभी शुभवर्तमानातला एखादा छोटा उतारा वाचून त्यावर बोलणं होई. मग मागच्या आठवड्यात ठरवलेलं काम झालं की नाही, याचा हिशेब. मग पाहणी. समजा विषय आहे ‘कामाचा पहिला दिवस’. प्रत्येकाने आठवडाभर पाहून आलेलं सांगायचं. आमच्याकडे नवा मुलगा आला, त्याला असं वागवलं, तो रडला, कुणी काही बोललं नाही. हा पहिला टप्पा, पाहणं. त्यानंतर दुसरा टप्पा, पारखणं. हे बरोबर आहे का? येशूने अशा वेळी काय केलं असतं? चर्चची शिकवण काय सांगते? आणि तिसरा टप्पा, करणं. पुढच्या आठवड्यात आपण काय करायचं? उत्तर नेहमी लहान असे. नवा मुलगा आला की आपल्यापैकी एकाने त्याच्या शेजारी बसायचं. त्याला यंत्र दाखवायचं. पुढच्या बैठकीत सांगायचं, बसलो की नाही.

पाहा, पारखा, करा. एवढीच ती पद्धत. तिच्यात दहा आज्ञा आहेत, शुभवर्तमान आहे, प्रार्थना आहे. जुन्या पुस्तकातलं काहीही टाकलेलं नाही. फक्त क्रम बदललेला आहे. आधी उत्तर आणि मग आयुष्य, असं न करता आधी आयुष्य, मग प्रश्न आणि मग उत्तराचा शोध. आणि त्यासाठी गट लहानच असावा लागतो. शंभर मुलांच्या सभेत ‘तो रडला आणि मी काही बोललो नाही’ हे वाक्य कुणी उच्चारत नाही. दहा जणांत उच्चारतो, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात.

याला विरोध झाला, तोही घरातूनच. मालकवर्गातल्या कॅथलिकांना वाटलं की हा समाजवाद्यांचा मित्र आहे. समाजवाद्यांना वाटलं की हा पोरांना संघर्षातून फोडून देवळात नेतो आहे. बेल्जियमचे कार्डिनल मर्सिए यांनीच कार्डाइनना धर्मदीक्षा दिलेली, पण तेही साशंक होते. कॅथलिक तरुणांची एक मोठी संघटना असताना कामगारांची वेगळी कशाला, चर्चमध्ये वर्गभेद आणायचा का, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच टाकाऊ होता असं मी म्हणणार नाही. पण त्या एका संघटनेत बोलायला उभी राहत ती महाविद्यालयात शिकणारी मुलं आणि गिरणीतला पोरगा मागे गप्प बसे, हे कार्डाइननी पाहिलेलं होतं. मार्च १९२५ मध्ये ते रोमला गेले आणि पोप अकरावे पायस यांना भेटले. पोपनी पाठिंबा दिला. १९३१ च्या आपल्या परिपत्रकात त्याच पोपनी लिहिलं की कामगारांपर्यंत शुभवर्तमान नेणारे पहिले लोक कामगारच असले पाहिजेत. १९२७ मध्ये ही चळवळ फ्रान्समध्ये पोचली होती. पुढे ती युरोपाबाहेर गेली. भारतातही तिच्या आणि तिच्यातून स्फूर्ती घेतलेल्या विद्यार्थी गटांच्या शाखा निघाल्या.

मुलांना स्वतः पाहायला आणि पारखायला शिकवलं, की ती कुठवर जातील हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम पुन्हा व्यापलं. १९४२ मध्ये कार्डाइन काही महिने तुरुंगात होते. ते सुटले. त्यांच्या पहिल्या तीन सोबत्यांपैकी टोने आणि गार्से यांना १९४३ मध्ये पकडलं आणि शेवटी डाखाऊच्या छळछावणीत पाठवलं. १९४५ च्या आरंभी, युद्ध संपायला थोडे महिने उरलेले असताना, दोघेही तिथे मेले. तीस वर्षांपूर्वी लाकेनमध्ये आठवड्याचा हिशेब देणाऱ्या गटांतून आलेली ही माणसं. ‘आपण काय करायचं’ या तिसऱ्या प्रश्नाची किंमत त्यांनी पुरती मोजली. धर्मशिक्षणाच्या इतिहासात संख्या फार असतात. किती मुलं, किती वर्ग, किती संस्कार. मला ही दोन नावं त्या सगळ्या संख्यांपेक्षा जास्त सांगून जातात.

१९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या सामाजिक परिपत्रकात पाहणं-पारखणं-करणं या तीन टप्प्यांची शिफारस सगळ्या चर्चला केली. ब्राझीलमध्ये कॅथलिक विद्यार्थ्यांचे आणि कामगारांचे गट याच रीतीने काम करत होते. पाउलो फ्रेरी यांचा शिक्षणविचार ज्या वातावरणात वाढला, त्यात या गटांचा वाटा आहे. आपल्याकडचे अनेक कार्यकर्ते फ्रेरींना ओळखतात, पण त्यामागचा लाकेनचा रस्ता त्यांना ठाऊक नसतो.

फेब्रुवारी १९६५ मध्ये पोपनी कार्डाइनना कार्डिनल केलं. वय ब्याऐंशी. त्यामुळे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरच्या सत्रात त्यांना बोलायचा हक्क मिळाला. सप्टेंबर १९६५ मध्ये तिथे धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर वाद चालू होता. दुसऱ्या धर्माच्या माणसाला त्याचा धर्म पाळायचा हक्क आहे, हे कॅथलिक चर्चने मान्य करावं की नाही, असा तो वाद. अनेकांना भीती होती की असं मान्य केलं तर आपले तरुण वाहवत जातील. कार्डाइन जाहीरनाम्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा आधार सिद्धान्त नव्हता, तर तरुणांबरोबर घालवलेलं सगळं आयुष्य होतं. भिंती उभारून तरुणाची श्रद्धा राखता येत नाही, त्याला आतून मोकळा आणि जबाबदार करावा लागतो, असा त्यांचा आग्रह. ७ डिसेंबर १९६५ रोजी तो जाहीरनामा मंजूर झाला. २४ जुलै १९६७ रोजी कार्डाइन गेले. त्यांना लाकेनच्याच चर्चमध्ये पुरलं आहे.

मी मुसलमान आहे, कविता मराठीत लिहितो. या पाद्रीबाबांबद्दल मी का बोलावं, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं कारण हा जाहीरनामाच आहे. आपल्या मुलाला धर्म शिकवण्याची रीत आणि शेजाऱ्याच्या धर्माकडे पाहण्याची रीत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. कार्डाइनच्या आयुष्यात त्या एकच झालेल्या दिसतात. ज्याला प्रश्न विचारू दिला, तो शेजाऱ्याच्या प्रश्नाला घाबरत नाही. ज्याला फक्त उत्तरं दिली, त्याला दुसरं उत्तर असलेला प्रत्येक माणूस धोक्याचा वाटतो. आणि पंधरा वर्षांच्या पोराच्या मनातली जागा आपण रिकामी ठेवली, म्हणून ती रिकामी राहत नाही. कुणीतरी येऊन ती भरतंच. आपल्या देशात ती कोण भरतं आणि कशाने भरतं, हे गेल्या काही दशकांत सगळ्याच समाजांनी पाहिलं आहे. मोठमोठे मेळावे, भोंगे, घोषणा. तिथेही मुलं मागून म्हणतातच, फक्त झेवियरची घंटा तिथे नसते.

या पद्धतीचं नुसतं कौतुक करून थांबणं बरोबर होणार नाही. पारखण्याची कसोटी चर्चने आधीच ठरवलेली होती. प्रश्न मुलांचा, पण तराजू धर्मगुरूचा, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. १९३० च्या दशकात या चळवळीलाही गर्दीचा मोह पडला. झेंडे, संचलनं, हजारोंच्या सभा झाल्या आणि खोलीतला छोटा गट मागे पडतो की काय, अशी वेळ आली. पुढे, चळवळीने आधी काय असावं, ख्रिस्ती की कामगार, यावरून आंतरराष्ट्रीय पातळीवर फूट पडली. बेल्जियमच्या फ्रेंचभाषक शाखेने तर आद्याक्षरं तीच ठेवून नावातला ‘ख्रिस्ती’ हा शब्द काढून टाकला. मोकळेपणाने विचारू दिलं की काही जण दाराबाहेर निघून जातात, असं ज्यांना वाटत होतं, त्यांना हा पुरावा वाटेल. मला त्यावर एवढंच म्हणायचं आहे की पाठांतराच्या रीतीतही मुलं निघून जात होतीच. ती न बोलता जात, म्हणून मोजली जात नसत.

आपल्याकडे वसईच्या धर्मग्रामांत धर्मशिक्षण मराठीतून चालतं. स्टीफन्सनी ज्या भाषेचं कौतुक गायलं, तिच्यात तिथली मुलं आज प्रार्थना म्हणतात. दृढीकरण संस्काराच्या तयारीला बसणारी मुलं साधारण त्याच नाजूक वयाची असतात. त्यांच्या शिकवण्यात पाठांतर किती आणि बोलणं किती, हे ठरवणं त्यांच्या धर्मशिक्षकांचं काम आहे. मी त्यात पडत नाही. पण आमच्या मक्तबाबद्दल बोलायचा मला हक्क आहे. ‘आमीन’ झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न आमच्या मोहल्ल्यांत फारसा कुणी विचारत नाही. मुलगा दहावीत जातो, गॅरेजवर लागतो, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. शुक्रवारी नमाजला येतो, मागच्या सफीत उभा राहतो आणि निघून जातो. त्याच्या दुकानात काय चालतं, मालक त्याला कसा वागवतो, गिऱ्हाइकाशी खोटं बोलावं लागतं तेव्हा त्याला काय वाटतं, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. कुराणात माप आणि वजन चोख ठेवण्याबद्दल पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. ते त्याने अरबीत वाचलेलंही आहे. वाचलेलं आणि वागायचं यांच्यामध्ये एक खोली लागते, दहा पोरं लागतात आणि गप्प बसून ऐकणारा एक मोठा माणूस लागतो.

कार्डाइन सांगत की जगातल्या सगळ्या सोन्यापेक्षा एका कामगार पोराचं मोल जास्त आहे. बोलायला हे सोपं आहे. त्यांनी मात्र ते कामाच्या रूपात आणलं आणि ते काम फार खर्चाचं नव्हतं. खुर्च्या आठ-दहा, वेळ तासाभराचा. अवघड होतं ते एवढंच की ज्याच्याकडे सगळी उत्तरं आहेत, त्याने त्या तासात सर्वांत शेवटी बोलायचं.